आठ वर्षांचं गिऱ्हाईक

माझं वय त्रेपन्न. तासगावात बेदाण्याची अडत चालवतो, सांगलीत राहतो, उजवा गुडघा दुखतो. एवढं सगळं असूनही एका दुकानाच्या दप्तरी मी आठ वर्षांचा आहे, आणि त्याला जबाबदार मीच.

दुकान म्हणजे रस्त्यावरचं नव्हे. हातात धरून खेळायचं एक यंत्र असतं, लहान पाटीएवढं, दोन्ही बाजूंना बटणं. खेळ घ्यायचे ते यंत्राच्या आतल्याच दुकानातून. डबा नाही, पुडकं नाही. पैसे भरले की खेळ हवेतून उतरतो. आमच्या लेकीनं केलेला खेळ त्या दुकानात लागणार होता, आणि पहिलं गिऱ्हाईक आपणच व्हायचं असं मी ठरवून टाकलं होतं. आदल्या दिवशी यंत्र आणलं. सकाळी अंघोळ करून त्याला हळदकुंकू वाहिलं (एका बटणाच्या फटीत गेलेलं कुंकू अजून निघालेलं नाही) आणि खातं उघडायला बसलो. त्यानं जन्मतारीख विचारली. आकडे चाकासारखे फिरत होते आणि चष्मा देवघरात राहिला होता. मी चाक फिरवलं, ते कुठंतरी थांबलं, मी 'बरोबर' म्हटलं. पुढच्याच पानावर यंत्रानं मला कळवलं की मी लहान आहे आणि खरेदीला पालकाची परवानगी लागेल. पालकाचा ईमेल द्या. आमच्या घरात रोज ईमेल बघणारं माणूस एकच. मी बायकोचा दिला.

बायको शाळेत मुख्याध्यापिका आहे. मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

"अहो, मला मेल आलाय. आपल्या पाल्याला खरेदी करायची आहे म्हणे. हा पाल्य कोण?"

"मी."

तिनं ते तिथंच मोठ्यानं सांगितलं. मग शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

"जेवलात का?" बायकोनं विचारलं.

"जेवलो."

"मग देते परवानगी."

अशा रीतीनं लेकीच्या खेळाचं पहिलं गिऱ्हाईक व्हायला निघालेला मी दुपारी दीड वाजता, कितवा कोण जाणे, गिऱ्हाईक झालो.

लेक आधी पुण्यात एका कंपनीत होती. दोन वर्षांपूर्वी राजीनामा देऊन घरी आली आणि वरच्या खोलीत बसून खेळ करायला लागली. जोडीला तिची मिरजेची मैत्रीण. मैत्रिणीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे होतात, त्यामुळं खेळातला आवाज तिच्याकडं. खेळ कसला, तर बेदाण्याच्या शेडचा. दोन बहिणी, त्यांचं एक शेड. द्राक्षं जाळ्यांवर पसरायची, वाळली की झटकायची, हिरवा, पिवळा, काळा माल निवडायचा, ढग आला की पडदे सोडायचे. बंदुका नाहीत, कुणी मरत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणालो होतो, "अगं, हे तर आपलं काम आहे. ह्याला खेळ कोण म्हणेल?" ह्या वाक्याबद्दल मी पुढं बरंच ऐकून घेतलं.

मुदत तिची तिनंच घातली होती. दिवाळीपर्यंत खेळ चालला तर दुसरा करायचा. नाही चालला तर पुण्याला परत. मी तोंडानं 'तुला वाटेल तसं कर' म्हणत होतो. मनातून पुण्याच्या बाजूचा होतो.

खेळ लागला तो नेमका पितृपंधरवड्यात. तारीख ठरवताना दोघींनी मोठ्या कंपन्यांचे खेळ कुठल्या आठवड्यात येणार नाहीत ते बघितलं, पंचांग बघितलं नाही. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी टाकली. अंगठे आले, फुलं आली, नाचणारा गणपती आला. खेळ कुणीही घेतला नाही. "पितर उठू देत, मग बघू," असं आमच्या काकूंनी कळवलं. लेक म्हणाली, "बाबा, खेळ जगभर लागलाय. जपानातल्या लोकांचे पितर वेगळ्या महिन्यात येतात." नंतर मला कळलं की ते यंत्र आमच्या आख्ख्या खानदानात माझ्या नि लेकीच्या खेरीज कुणाकडंच नव्हतं. पितर उठून तरी काय करणार होते?

त्या दुकानात 'नवीन' म्हणून एक फळी असते. पहिल्या दिवशी आमचं शेड तिथं सगळ्यात वर, झोकात. पण रोज नवे खेळ येतात आणि प्रत्येक नवा जुन्याला खाली ढकलतो. चौथ्या दिवशी मी बोटानं खाली सरकवत गेलो, सरकवत गेलो, चहा गार झाला तरी शेड सापडेना. दुसरी फळी असते 'जास्त खपणारे' अशी, तीस खेळांची. तिथं असलं की लोकांना दिसतं, दिसलं की खपतं, खपलं की तिथंच राहतं. म्हणजे तिथं पोचायचं तर आधी तिथं असायला हवं. मी तीस वर्षं बाजारात आहे, पण असा बाजार बघितला नव्हता.

त्याच आठवड्यात मी एक उद्योग केला. माझ्या एका वर्गमित्राची पुण्यात कंपनी आहे, लेकीच्याच कामाची. त्याला फोन करून मी शब्द दिला: दिवाळी झाली की पहिल्या सोमवारी लेक तुझ्याकडं रुजू होते. तो खूश झाला. मी लेकीला विचारलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं. म्हटलं, पोर पडणारच आहे, तर खाली गादी टाकून ठेवू. बापाचं काळीज वगैरे. फोन ठेवल्यावर मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी लेक पोहे खाता खाता गप्प होती. मला गप्प माणूस समोर असलं की बोलायची खोड आहे.

"तू चाखायला काय ठेवलंयस?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"नमुना गं. माझ्याकडं सौद्याला व्यापारी येतो. मी बॉक्स फोडून माल त्याच्यापुढं ओततो. तो मूठ भरतो, एक दाणा तोंडात टाकतो, चार खिशात, उरलेले जमिनीवर. संध्याकाळी झाडताना जीव तुटतो माझा. पण तोंडात टाकल्याशिवाय आजवर कुणी भाव बोललेला नाही."

"ट्रेलर आहे की."

"ते बॉक्सवरचं चित्र झालं."

हे मी तिला थोडं टोचायलाच बोललो होतो. बाहेर मात्र 'मी सल्ला दिला' असंच सांगतो. लेकीनं पोह्यांची बशी तशीच ठेवली आणि मिरजेला फोन लावला. "अगं, डेमो! आपण डेमो नंतर बघू म्हणून सोडला होता ना, तो आत्ता करायचा."

डेमो म्हणजे फुकट चाखायचा तुकडा. प्रश्न असा, की तुकडा केवढा तोडायचा? मैत्रीण म्हणे अर्धा तास, लेक म्हणे दहा मिनिटं. मी म्हणालो, खेळाची काहीच माहिती नसलेल्या माणसाच्या हातात देऊन बघा. असा माणूस दसऱ्याला स्वतःच्या पायांनी घरी आला: बायकोचे थोरले भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, आता रहिमतपुरात ऊस आणि शिस्त दोन्ही लावतात. सोनं देऊन झाल्यावर लेकीनं आपलं यंत्र त्यांच्या हातात दिलं. ते आधी नको नको म्हणाले. मग त्यांनी द्राक्षं पसरली. मग चहा नको म्हणाले. मग माल निवडताना हिरव्यात एक काळा दाणा गेला तर स्वतःलाच शिवी दिली. आणि एकदम ओरडले.

"दाजी! आवं, बंद पडलं की ह्ये!"

"बंद नाही पडलं, संपलं," मी म्हणालो. "नमुना तेवढाच."

"आसं कसं संपलं? ढग आलाय, पडदं सोडायचं ऱ्हायल्यात!"

"मामा, पुढचं विकत घ्यायचं असतं," लेक म्हणाली.

"मग घ्या की गं! बोलत काय बसलाय? माल भिजतोय तिकडं!"

आणि त्यांनी माझ्या हातातलं यंत्र हिसकावून घेतलं, कारण त्यात पुरा खेळ होता. पडदे सोडेपर्यंत माणूस जेवायला उठला नाही. लेकीनं मैत्रिणीला फोनवर एवढंच सांगितलं, "ढग आला की तोडायचं."

दुकानवाल्यांनी तपासून डेमो मांडायला काही दिवस घेतले. मग तो फुकट असल्यानं भरपूर लोकांनी उतरवून घेतला. पण बहुतेकांनी लगेच खेळ घेतला नाही. आपापल्या आवडीच्या यादीत नुसती खूण करून ठेवली: नंतर बघू. मला हे गिऱ्हाईक ओळखीचं वाटलं. माझ्याही वहीत अशा व्यापाऱ्यांचे नंबर आहेत, 'भाव उतरला की फोन करा' म्हणणारे. लेक म्हणाली, "इथं फोनही करावा लागत नाही. भाव उतरला की त्या सगळ्यांना दुकानच निरोप पाठवतं." आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दुकानात सवलतीचा मेळा लागणार होता. तिनं भाव उतरवायचं ठरवलं.

मी भडकलो. अडत्यापुढं भाव पाडायची भाषा!

"एकदा पाडलेला भाव परत चढत नाही," मी म्हणालो. "तुझा माल काय काळा पडलाय?"

"बाबा, माझा माल काळा पडतच नाही."

"म्हणजे?"

"आणि संपतही नाही. कितीही विकला तरी शेडमध्ये तेवढाच राहतो. मेळा संपला की भाव आपोआप आधीचा. आणि ती जास्त खपणाऱ्यांची यादी किती नग गेले त्यावर लागते, पैसे किती आले त्यावर नाही. मग भाव उतरवून हरलं कोण?"

मी बराच विचार केला. ज्याला वजन नाही, तूट नाही, कोल्ड स्टोरेजचं भाडं नाही, असा माल असतो हेच मला पटत नव्हतं. हरलं कोण ते मात्र सापडलं. मी हरलो होतो.

मेळा लागला त्या दिवशी तासगावात दिवाळीआधीचे शेवटचे सौदे होते. मी यंत्र पिशवीत घालून घेऊन गेलो. फोनवरून नेट दिलं आणि वजनकाट्याच्या आडोशाला उघडून बघितलं. यादीत तिसावा खेळ कसलासा मोटारींचा. एकोणतिसावा सैनिकांचा. अठ्ठाविसावं आमचं शेड.

मी बॉक्स फोडायला गेलो, एक सौदा केला, परत आलो. एकोणीस.

"शेठ, आज काट्याला का चिकटलाय?" एका व्यापाऱ्यानं विचारलं. मी लेकीचा खेळ दाखवला. त्यानं दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्यानं तोंडातला बेदाणा गिळून तिसऱ्याला हाक मारली. थोड्या वेळानं माझ्या दुकानात ओतलेल्या मालाभोवती कुणी नव्हतं, सगळे माझ्या खांद्याभोवती होते.

"आता कितवा?"

"थांबा, फिरतंय. अकरा!"

"लय भारी!"

"आवं, आमी बेदाणा तोंडात टाकल्याबिगर घेत न्हाई," म्हातारे एक व्यापारी म्हणाले, "आन् हिचा हवेतला बेदाणा परमुलखात खपतोय. ह्यो धंदा तिला शिकवला कुणी?"

"मीच," मी म्हणालो. अशा वेळी खरं सांगण्यात काही हशील नसतं.

दुपारी तीनला आमचं शेड नवव्या जागी होतं. वर फुटबॉल, खाली तलवारी घेतलेला कुणी राक्षस, आणि मध्ये दोन बहिणी जाळीवर द्राक्षं पसरतायत. लेकीचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती रडत हसत होती, आणि मागं मिरजेची मैत्रीण तंबोरा छेडत होती की आपटत होती ते कळत नव्हतं. "बाबा, दुसरा करायचा," एवढंच शेवटी ऐकू आलं. मी काट्यावर बसलो. काट्यानं माझं वजन दाखवलं. ते मी इथं लिहीत नाही.

आणि मग मला सोमवार आठवला.

तिथूनच वर्गमित्राला फोन लावला. म्हणालो, "लेक येत नाही. चुकलं माझं." सगळं ऐकून तो एवढा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "तूच नोकरी लावलीस आणि तूच सोडवलीस, पोरीला पत्ताच नाही! धन्य आहेस."

पेढे घेऊन घरी गेलो. बायको शाळेतून आली होती, लेक आणि मैत्रीण जमिनीवर यंत्र मध्ये ठेवून बसल्या होत्या. आनंदाच्या भरात खरं सांगून टाकावं, आज सगळं माफ होईल, असा माझा हिशोब होता. सांगितलं. लेकीनं तोंडाजवळ नेलेला पेढा खाली ठेवला.

"कुठल्या सोमवारी? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे खेळ बुडणार असं तुम्ही धरूनच चालला होतात."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? "बाजार समजला नव्हता मला. आता पुढचा खेळ कसला ते सांग. नमुना चाखायला मी पहिला."

मैत्रीण हळूच म्हणाली, "काका, पुढचा तंबोऱ्याच्या कारखान्याचा." मग लेकीनं पेढा उचलला, निम्मा तोडला आणि माझ्या हातावर ठेवला. नमुना तेवढाच, मी समजलो.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी यंत्र पुढं केलं आणि म्हणालो, "तुमचा दुसरा खेळ तरी मला सकाळी सकाळी पहिल्यांदा घेता यायला हवा. तेवढं माझं वय दुरुस्त करून दे."

लेक यंत्र घ्यायला हात पुढं करणार, तोच बायको म्हणाली, "काही दुरुस्त करू नकोस गं. आठ वर्षांचे आहेत तोवर निदान मला विचारून तरी करतात."