अक्कांच्या साच्याची चकती

आमच्या सासरी शाविगेच्या दिवशी कुणी भांडायचं नाही, रुसायचं नाही, असा अलिखित कायदा होता. शाविगे म्हणजे तांदळाच्या शेवया. घर बेंगळूरच्या पेटेतलं, म्हणजे जुन्या पेठेतलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच मुरलेलं मराठी घर. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही. मी पुण्याहून आलेली, मला चकलीचा सोऱ्या तेवढा ठाऊक. इथला साचा म्हणजे सोऱ्याचा थोरला काका: तीन लोखंडी पाय, कमरेएवढी उंची आणि दोन्ही हातांनी फिरवायचा दांडा.

अक्का तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात सोडत आणि वाफाळता गोळा तसाच साच्यात घालत. कॉलेजात थोडं रसायनशास्त्र शिकलेली मी मनाशी उजळणी करी. पिठातला स्टार्च पाण्यात फुगतो, चिकट होतो. दाबाखाली चकतीच्या भोकांतून निघताना पिठाला धरून ठेवतो, म्हणून शेवई तुटत नाही. गार झाला की तोच स्टार्च आवळतो आणि हटून बसतो. अक्का एवढंच म्हणत, "गरम आहे तोवर दाबा. बोलणं नंतर."

दांडा फिरवणं हे आमच्या ह्यांचं काम. त्या रविवारी मात्र ह्यांना बोलायचंच होतं. राजाजीनगरला, ह्यांच्या कारखान्याजवळ, घर मिळत होतं आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवायचा होता. घर आम्हाला हवं होतं, मला तर फारच. थोरले दीर-जाऊबाई होते, अक्का एकट्या पडणार नव्हत्या; तरी शेंडेफळ वेगळं बिऱ्हाड करणार हे त्यांना सांगायचं कुणी? ह्यांनी मुहूर्त काढला तो शाविगेचा. तेव्हा अक्कांचे दोन्ही हात गुंतलेले असतात, हा युक्तिवाद. इंजिनियर माणूस!

गोळा साच्यात पडला आणि हे दांडा धरून थांबले.

"अक्का, ते राजाजीनगर आहे ना..."

"दाब आधी."

"तिथं पाणी चांगलं आहे म्हणतात."

"दाब."

"हवाही बरी आहे."

पाण्यावरून हवेवर, हवेवरून बसच्या वेळांवर, पण स्वारी काही मुद्द्यावर येईना. मी खाली रिकामं ताट धरून बसले होते आणि माझा पारा चढत होता. अखेर ह्यांनी दांडा ओढला. तो हलेना. अंगातलं सगळं बळ लावलं, तर साचाच पाय उचलून ह्यांच्याबरोबर गोल फिरला.

"अहो, घर घेतोय म्हणून सांगा आणि सोडा तो दांडा," मी म्हणाले. सासूसमोर नवऱ्यावर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ.

अक्कांनी घट्ट झालेला गोळा उलथन्यानं उकरून काढला, पुन्हा उकळत्या पाण्यात सोडला आणि पदरानं डोळे टिपले. मला फार वाईट वाटलं. नको ते घर, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"स्वल्प थांबा, मऊ होईल," अक्का म्हणाल्या. मग ह्यांच्याकडे वळून, "सरी, ठीक आहे, घ्या घर. एवढं सांगायला गोळा गार केलास होय रे?"

निघायच्या दिवशी त्यांनी साचा स्वतः आमच्या सामानात आणून ठेवला. मी वाकून नमस्कार केला.

नव्या घरी पहिल्याच रविवारी मी हौसेनं उकड काढली, गोळे उकळले, साच्यात घालायला गेले तर खाली चकतीच नाही. नुसतं पोकळ नळकांडं. सगळं सामान उपसून झालं. शेवटी गोळे तसेच तुपाशी खाल्ले आणि संध्याकाळी पेटेत गेलो. चकती देवघरात होती, घासून लख्ख केलेली.

"अक्का, ही इथंच राहिली की," मी म्हणाले.

"राहिली नाही, मी ठेवली," अक्का म्हणाल्या. "शाविगे करायचं ठरलं की निरोप धाड. मी चकती घेऊन येते."