दोघं मिळून एक राखणदार

यांचे कान भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या रोलिंग मिलच्या आवाजाने खाल्ले आणि माझे डोळे शुगरने. आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मुलाने भिलाईभर तेच सांगून ठेवलंय.

गेली काही वर्षं दिवाळी झाली की आम्ही दोघं कोकणातल्या एका बेटावर जातो आणि होळीपर्यंत तिथलं जुनं दीपगृह सांभाळतो. दिवा आता आपोआप लागतो, पण काचेवर बसलेलं मीठ पुसायला, पाहुण्यांना वर न्यायला आणि दिवा लागला नाही तर फोन करायला माणूस लागतोच. लाँचचा भोंगा मला ऐकू येतो. मी यांना खुणावते, हे धक्क्यावर जाऊन दोर धरतात. काचेवरचा डाग यांना दिसतो, पुसते मी. संध्याकाळी हे वर बघून अंगठा दाखवतात, म्हणजे दिवा लागला. मग चुलीपाशी बसून आम्ही गप्पा मारतो. ओठ बघून यांना माझं मराठी कळतं. भिलाईच्या घरात सगळे आपसांत भराभर हिंदीत बोलतात, तिथे हे नुसते बसून असतात.

यंदाही दिवाळी सरायच्या आत यांनी बॅग काढली. मुलाने मात्र परस्पर बेटावरचं हे काम देणाऱ्या साहेबांना फोन करून आमच्या दुखण्यांचा पाढा वाचला. रात्री पानावर बसल्यावर म्हणाला, "आई, बाबाले ऐकू येत नाही, तुले दिसत नाही. तुमी तिथं काय सांभाळून राहिले? लोक हासते आमाले."

हे बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर होते. माझं डोकं फिरलं.

"लोकाइचं राहू दे. तुह्या बाबाले जेवाले बलावलं का कोणी?"

"दोनदा आवाज देला ना मी. आलेच नाही."

"ज्याले ऐकू येत नाही म्हणून सायबाले सांगतलं, त्याले तू आवाज देऊन राहिला?"

मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

त्याच्यासमोरच मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, "मुलाने सांगितलं ते सगळं खरं आहे. आम्ही येतोय. नको असू, तर तिथे आल्यावर यांच्याकडे तोंड करून सांगा. इथे तेवढंही कोणी करत नाही."