एका बाराचे तीन ठोके

मी आज धडधाकट आहे तो आमच्या टोळीतल्या मावशीमुळं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना तोंड कडू होतं. ती नात्यातली नव्हे; विहिरी खांदणाऱ्या टोळीत दगडाच्या पाट्या वाहायची. विद्यापीठाच्या नावावरून गावं पेटली तेव्हा माझी शाळा सातवीतच सुटली, घरही सुटलं. तिनंच मुकादमाला गळ घालून मला कामाला लावलं.

देवगाव फाट्याच्या अलीकडं एका मळ्यात विहीर चालू होती. तिथली जमीन थराथराची: काळा पाषाण, मग लाल मऊ माती, परत पाषाण, परत माती. पहारीचा ठोका त्यात कुठं मुरायचा कळत नसे. सुरुंगाचा बार मात्र लांबवर यायचा. विहिरीच्या तोंडावर पत्रे अन् बाभळीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या, वरून आवाज कोंडायचा. म्हणून आमी बांधापाशी बसून तळपायांनी बार मोजायचो. भरले तितके उडाले की मगच उतरायचं. नवा म्हणून आधी मी.

त्या दुपारी तीन भरले होते. पायाखाली ठोके आले: एक दांडगा, मग बारका, मग त्याहून बारका.

"झाले तीन. उतर रे," मळ्याचा मालक म्हणाला.

मावशी माझ्या उतरायच्या दोराच्या वेटोळ्यावरच बसली. आज ती आमच्यासंगं बांधावर होती, पण गुडघे दुखायचे म्हणून कधी कधी विहिरीजवळ ढिगाऱ्याआडच थांबायची. "एकच उडालाय, मालक. जवळ बसलं की एकच दणका लागतोय. लांब येऊस्तोर ह्या थरात त्याचेच तीन व्हत्यात. मोठा पुढं, बारके मागं."

"तुज्या पायाला कान फुटले का गं? दिवस चाललाय माजा."

"जाऊ द्या की दिवस. मायला एकुलता हाय त्यो."

उतरलो नाही तर काम जाणार, अन् परत जायला गाव नव्हतं. मी दोर मागितला. ती उठलीच नाही.

तेवढ्यात दुसरा बार उडाला. वात ओली असणार. पत्रा उलटून पडला, अन् पायाखाली परत तेच: दांडगा, बारका, त्याहून बारका.

मुकादम हळूच म्हणाला, "मालक, सहा झाले. भरले तर तीनच व्हते."

टोळी हसली, अन् तिसरा उडेस्तोर कुणी उतरलं नाही. ते हसणंच नडलं. दुसऱ्या दिवशी मालकानं मावशीला कामावरून काढायला लावलं. माझा जीव वाचला याचं त्याला काही नव्हतं. आपली मोजदाद चुकली, अन् ते गावकुसाबाहेरच्या बाईनं दाखवलं, हे सललं. पुढं विहिरीला पाणी लागलं. आमीच खांदलेली विहीर, तरी आमाला पाणी ओंजळीत वरून वाढलं.

आता मी लय लांब, परमुलखात बोअरच्या गाडीवर आहे. कुठं दणका झाला की अजून तळपाय मोजायला लागतात. मावशी चुडाव्याकडं लेकीपाशी असते, पाणी लांबून आणते असं ऐकलं. एक दिवस तिच्या दारात मी आड खांदून देईन. पहिली घागर तिनं स्वतः शेंदायची. वरून वाढायला तिथं कुणी नसेल.