दाराबाहेरचे जोडे

माझी मावशी नर्स होती आणि तिला खोटं बोलता येत नसे. गप्प मात्र बसता येई, आणि त्या गप्प बसण्यानेच तिचं वाटोळं झालं. लोक तिला साधी म्हणत. मी म्हणते, साधेपणालाही काही हद्द असावी.

ती राहायची त्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन घरं होती आणि मधे अरुंद जिना. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. कोण घरी आहे, कोण बाहेर गेलंय, कोणाकडे पाहुणा आलाय, हे जिना चढता चढताच कळायचं. तिथले लोक माणसाचं तोंड नंतर बघत, पाय आधी. मावशीचे ड्युटीचे पांढरे बूट मळू नयेत म्हणून आत कपाटात असत आणि घरच्या तपकिरी चपला दारात. बूट घालून ती कामावर गेली तरी चपला तिथेच. कोणी दार वाजवलं आणि उघडलं नाही, तर रात्रपाळी करून झोपली असेल बिचारी, असं म्हणून परत जायचे.

खालच्या मजल्यावर तिची मैत्रीण राहायची. अख्खी इमारत तिला वहिनी म्हणायची. मावशीही म्हणायची, पण अगं-तुगं करत. मावशीला टायफॉइड झाला तेव्हा ही बाई तिच्या उशाशी बसून राहिली होती. सख्खी बहीण, म्हणजे माझी आई, दोनदा फळं देऊन गेली तेवढंच. तेव्हापासून वहिनीचा शब्द मावशीला खाली पडू देता येत नसे. वहिनीचा नवरा हात उगारणारा होता. त्या खुणांवर मलम मावशीच लावायची आणि पडले म्हणून सांग, असंही तीच शिकवायची.

मावशीच्या समोरच्या दारात छापखानेवाले. विधुर, मितभाषी, बोटांना कायम शाई. त्यांनी मावशीला लग्नाचं विचारलं तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती. तिला ते लग्न मनापासून हवं होतं. मला सांगताना ती लाजली होती, आणि मी हसले नाही.

त्याच सुमारास वहिनीने मावशीच्या घराची किल्ली मागितली. तिचा जीव कोपऱ्यावरच्या घड्याळजीवर बसला होता आणि दोघांना भेटायला जागा नव्हती. मावशी आधी तिच्यावर तापली, मग रडली, मग किल्ली देऊन बसली. वर कोणाला सांगणार नाही म्हणून शब्दही दिला. वहिनी हुशार, एकच मजला चढायचा, ती अनवाणी यायची. घड्याळजीला तेवढं सुचलं नाही. चोरून भेटायला आलेला माणूस, पण आयुष्यभराची सवय, बूट दाराबाहेरच काढून आत गेला.

एवढं पुरलं. तपकिरी चपलांशेजारी पुरुषाचे बूट, दार बंद, भर दुपार. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी घड्याळजीला बाहेर पडतानाही पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळा जिना कुजबुजत होता आणि मावशी ड्युटीवरून आली तेव्हा गप्प झाला. एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही की बाई, दुपारी तू होतीस कुठे? चपला होत्या ना दारात.

छापखानेवाल्यांनी समोरून येताना मान खाली घालायला सुरुवात केली. लग्नाचं नाव नाही. मावशी वहिनीकडे गेली आणि म्हणाली, निदान त्यांच्यापुरतं मला खरं सांगू दे.

वहिनी भाजी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. "माझ्या घरी कळलं तर तो मला जिवंत ठेवायचा नाही. तू एकटी आहेस. तुझं काय जातंय?"

तिथे मी असते तर हे ऐकून भाजीसकट परात उलथली असती. मावशी उठून आली. मग तिने स्वतःशी एक तोडगा काढला. कोण होतं ते सांगायचं नाही, मी नव्हते एवढंच सांगायचं. त्यात शब्द मोडत नव्हता. रविवारी सकाळी तिने समोरचं दार वाजवलं.

"त्या दुपारी मी ड्युटीवर होते," ती म्हणाली.

छापखानेवाल्यांनी जिन्यात कोणी आहे का ते पाहिलं. "माहीत आहे. आमच्या एका कामगाराचं बोट यंत्रात सापडलं होतं. त्याला घेऊन मी तुमच्याच दवाखान्यात आलो होतो. तुम्ही खाटांच्या रांगेत होतात. कामात होतात म्हणून हाक मारली नाही."

मावशीला वाटलं, सुटले. ती हसलीसुद्धा.

"पण इमारत काय म्हणते ते तुम्हालाही माहीत आहे," ते म्हणाले. "एकेकाला कुठे समजावत बसू? मला इथेच राहायचंय." आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आपटलं नाही, सभ्य माणूस.

मावशी नोकरी संपेपर्यंत तिथेच राहिली. वहिनीच्या बाळंतपणात तिनेच धावपळ केली आणि सगळी इमारत सुया टोचून घ्यायला तिच्याकडेच येत राहिली. हे सगळं तिने मला सांगितलं ते घर सोडताना, भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता. मी वहिनीच्या नावाने तोंडाला येईल ते बोलले. मावशीने मला थांबवलं.

"तिच्यावर राग नाही गं माझा. तिला मार पडला असता," ती म्हणाली आणि तिने समोरच्या दाराकडे पाहिलं. "यांना कोण मारणार होतं?"