वाघमारे मॅडमांची कोरी बाटली

डॉ. शोभाताई वाघमारे यांची आणि माझी पहिली भेट नांदेडला, कॉलेजातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत झाली. बारावी अर्धवट सोडून मी किनवटहून मदतनिसाच्या जागेसाठी आलो होतो. मॅडमनी बाटलीवर डकवायची चिठ्ठी पुढे केली आणि तिच्यावर ‘प्रतिदीप्ती’ असे लिहायला सांगितले. मी घाबरत विचारले, “पहिला ‘ति’ ऱ्हस्व आणि शेवटचा दीर्घ ना?” त्या म्हणाल्या, “ऱ्हस्व-दीर्घाला इतका भिणारा माणूस बाटल्यांची अदलाबदल करायचा न्हाई. उद्यापासून ये.”

मॅडमांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनावर जाणकार लिहितीलच. मला दिसले तेवढे मी लिहितो.

रसवंतीवर फेकून दिलेले उसाचे चिपाड आम्ही आणतो, वाळवून कुटतो आणि पाण्यासह पोलादी भांड्यात बंद करून तापवतो. गाळल्यावर उरते ते कोऱ्या चहासारखे पाणी. अतिनील दिव्याखाली मात्र ते निळे उजळते; हीच ती प्रतिदीप्ती. त्यात डोपामिन, म्हणजे मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात त्यांतले एक रसायन, मिसळले की उजेड मंदावतो. किती मंदावला, यावरून रसायन किती आहे ते कळते. ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही व्हावी, असा मॅडमांचा ध्यास आहे. त्यांचे वडील निलंग्याकडे ऊसतोडीला जात. पुढे कंपवाताने त्यांच्या हातात चहाचा कपही ठरेना. या आजारात मेंदूतले डोपामिन कमी पडते. चिपाडाचे पोते उचलताना मॅडमनी हे एकदाच सांगितले, पुन्हा कधी नाही.

रसवंतीचे मोईनभाई त्यांना चिडवत, “मॅडम, कालेजात म्हैस बांधली का काय?”

“हाव,” मॅडम म्हणत, “निळं दूध देती.”

आता माझ्या चुकीबद्दल. बाटल्या मला कधीच पुरेशा स्वच्छ वाटत नसत. मॅडमनी सांगितलेली धुण्याची पद्धत सोडून मी घरून कपड्यांची पावडर आणली आणि कोणाला न विचारता तीन महिने तिनेच बाटल्या धुतल्या. त्या काळात निकाल फार सुरेख येत होते. लातूरच्या परिषदेत मॅडम ते मांडणार होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी डाग राहिला का ते पाहायला मी एक धुतलेली बाटली नुसत्या पाण्याने भरून दिव्याखाली धरली. ती निळी उजळली. पांढरे कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत घालतात, तोच पदार्थ काचेला चिकटून राहिला होता. दुपारभर मी जेवणाचा डबा उघडला नाही. बाटल्या गुपचूप पुन्हा धुतल्या असत्या तर कोणालाही कळले नसते, आणि सांगितले तर नोकरी जाणार अशी माझी खात्री होती. शेवटी ती बाटली घेऊन मी मॅडमांच्या टेबलापाशी उभा राहिलो.

त्यांनी स्वतः दिवा लावून पाहिले. मग म्हणाल्या, “लई पांढरं करायला गेलास की रे बाबा.” आणि दिवा बंद करत, “नुसत्या पाण्याची कोरी बाटली रोज तपासायची, हे माझं काम होतं. मीच सोडलं. बॅग भर, तूही चल लातूरला.”

लातूरला मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. मॅडमनी पहिल्याच वाक्यात तीन महिन्यांचे आकडे रद्द केल्याचे सांगितले. कोणीतरी हसले. पुढच्या रांगेतल्या एका सरांनी विचारले, “धुणारा कोण होता?” मॅडम म्हणाल्या, “प्रयोगशाळा माझी आहे. बाटलीतली चूक ज्यानं पकडली, त्याचं नाव विचारा.” आणि माझे नाव त्यांनी आडनावासकट घेतले.

परत आल्यावर सारे प्रयोग पहिल्यापासून केले. आताचा उजेड पूर्वीपेक्षा फिका आहे, पण तो चिपाडाचाच आहे. तेव्हापासून रोज सकाळी पहिली बाटली नुसत्या पाण्याची असते. तिच्यावर मी ‘कोरी’ असे लिहितो, री दीर्घ. मॅडम ती दिव्याखाली धरतात, आणि ती अंधारी राहिली तरच आमचे काम सुरू होते.

बाटली धरताना त्यांचा हात जराही हलत नाही. मी रोज त्या हाताकडे पाहतो. तो असाच स्थिर राहो, आणि माझ्या कोऱ्या बाटल्या तपासायला मॅडम अजून पुष्कळ वर्षे, ठणठणीत तब्येतीने, सकाळी माझ्या आधी प्रयोगशाळेत आलेल्या असोत.