गिनी गुंजभरही घटली नाही

तो वजनकाटे दुरुस्त करायचा आणि स्वभावानंही काट्यासारखाच नेमका होता, म्हणून बाजारानं त्याचं नाव काटेकोर ठेवलं होतं. खांद्याला कातडी पेटी, पेटीतल्या मखमलीत तान्ह्या बाळांसारखी निजवलेली पितळी वजनं, आणि चाल अशी संथ की जणू डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर आहे. लग्नाला गेला तरी पेटी बरोबर असायची. दुकानात शिरला की बोलणं ठरलेलं.

"काटा तपासायचाय."

"बिघडलाय कुठं तो?" दुकानदार म्हणायचा.

"बिघडला नाही हे कोणी सांगितलं?"

"रोज बघतो की. बरोबर दाखवतो."

"म्हणजे चोरालाच विचारलंत, चोरी केलीस का. तो नाही म्हणाला, तुम्ही निवांत झोपलात." मग पेटी उघडत तो हळूच म्हणायचा, "काटा कण्हत नाही, शेठ. मुकाट्यानं चुकत जातो. म्हणून तो बरा असतानाच तपासायचा."

हे ब्रह्मज्ञान बाजाराच्या वेशीपर्यंतच होतं. घरी आलं की ते चपलांबरोबर दाराबाहेर राहायचं.

घरात एक गिनीपिग होती. लेक सासरी जाताना ती आईपाशी ठेवून गेली. बायकोनं तिला गिनी म्हणायला सुरुवात केली, तेव्हा काटेकोर म्हणाला होता, "सोन्याची असती तर वजन करण्यात अर्थ तरी होता." पण लेक गेल्यावर रिकामं पडलेलं घर त्या मूठभर जिवानं भरून काढलं. बायकोनं भाजीची पिशवी हलवली की ही पिंजऱ्यातून शीळ घालायची. दिवसभरात त्या घरात बायकोला उलट उत्तर देणारं तेवढंच कोणी होतं.

"गिनीला एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवून आणू," बायको एका सकाळी पाला निवडताना म्हणाली. "वर्षातनं एकदा तरी दाखवावं म्हणतात."

"काय झालंय तिला?"

"काही नाही."

"मग सांगणार काय? काही झालं नाही, औषध द्या?"

"बाजारात तर तुम्ही वेगळंच सांगत फिरता."

"काटा वेगळा, जनावर वेगळं. जनावराला दुखलं तर ते ओरडतं."

"आणि नाही ओरडलं तर?"

"तर मी आहे ना."

तो होता, हे खरं. स्वयंपाकघरातल्या जुन्या तबकडीच्या काट्यावर त्यानं एक टोपली बसवली होती, टोपलीत जाड कापडाची घडी घातली होती आणि त्यासकट काटा शून्यावर आणून ठेवला होता. टोपलीला कोणी हात लावायचा नाही, शून्य हलेल, असा घरात कायदा होता. दर रविवारी गिनीला तो त्या सिंहासनावर बसवायचा, तबकडीपाशी डोळे न्यायचा आणि निकाल द्यायचा, "गुंजभरही घटली नाही." मग शहाण्यासारखी बसली म्हणून खुराकाचे दाणे तिच्यापुढं टोपलीतच ओतायचा आणि हात धुवायला जायचा.

बायकोनं शेवटी नखांचं निमित्त काढलं. नखं वाढलीत, ती डॉक्टरीणबाईच कापतील. काटेकोर बरोबर निघाला. धडधाकट जनावरावर दुकान चालवणारी बाई त्याला एकदा डोळ्यांनी बघायचीच होती.

दवाखान्यात पाय बांधलेल्या कुत्र्याच्या मालकानं विचारलं, "हिला काय झालंय?"

"काहीच नाही," काटेकोर म्हणाला, आणि आजारी नसलेलं जनावर आणल्याची त्याला इतकी लाज वाटली की तो भिंतीकडं तोंड करून बसला.

डॉक्टरीणबाईंनी गिनीला काट्यावर ठेवलं, जुनी नोंद पाहिली. "काका, लेकीनं आणली होती तेव्हापेक्षा ही आठव्या हिश्शानं उतरलीय."

"तुमचा काटा चुकतोय."

"तो बिघडलेला नाहीये."

"हे कोणी सांगितलं?"

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. काटेकोरनं पेटी उघडली. लहान वजन ठेवलं, मधलं ठेवलं, मोठं ठेवलं. काटा बरोबर होता. त्यानं पुन्हा लहानापासून सुरुवात केली. काटा पुन्हा बरोबर होता.

तोवर बाईंनी गिनीच्या तोंडात उजेड टाकला होता. "मागच्या दाढा वाढून जिभेवर पूल बांधायला निघाल्यात. यांचे दात मरेपर्यंत वाढतात. मऊ पाला ओढून गिळते, म्हणून बरी दिसते. कडक काही चावत नसणार."

"ओरडली नाही पण."

"ओरडत नाहीत ही. मोठ्या जनावरांचं भक्ष्य ना, दुखणं दाखवलं की संपलं. मुकाट्यानं खंगतात. आपल्याला दिसेपर्यंत बहुतेक उशीर झालेला असतो." त्या बायकोकडं वळल्या. "भूल देऊन दाढा घासाव्या लागतील. भुलीत धोका असतोच. पण अंगात ताकद आहे तोवर आणलीत."

गिनीला दवाखान्यात ठेवून दोघं रिकामा पिंजरा घेऊन घरी आली. भाजीची पिशवी खाली ठेवताना सळसळली आणि शीळ आली नाही. बायको तिथंच बसून राहिली.

काटेकोर काट्यासमोर उभा होता. बसवल्यापासून प्रथमच त्यानं ती टोपली उचलली. आत काहीतरी वाजलं. त्यानं कापडाची घडी वर केली.

खाली दाणे होते. रविवारामागून रविवार ओतलेले, गिनीनं न चावलेले, घडीखाली सरकून बसलेले. त्यानं ते गोळा करून तोलले. बरोबर तो हरवलेला आठवा हिस्सा भरला. तिनं न खाल्लेला खुराक तो तिच्याच अंगावर चढवून मोजत आला होता. शून्य एकदा लावल्यावर रिकाम्या टोपलीची तबकडी त्यानं पुन्हा कधी पाहिलीच नव्हती.

"गुंजभरही नाही ना घटली?" बायको म्हणाली. त्यानं दाणे पुन्हा तोलायला घेतले, तेव्हा म्हणाली, "कायदा होता, म्हणून हात नाही लावला हो मी."

तिन्हीसांजेला दवाखान्यातनं फोन आला. गिनी शुद्धीवर आली होती, एक पान खाल्लं होतं आणि दुसऱ्यासाठी शीळ घालत होती. बायकोनं फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि तोंड धुवायला गेली.

आता गिनी चांगली टुणटुणीत असली की काटेकोर स्वतःच पिंजरा उचलून दवाखान्याची वाट धरतो. काय झालंय, असं कोणी विचारलं तर "काहीच नाही" हे तो छाती काढून सांगतो. मात्र गिनीला ठेवण्याआधी डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर पितळी वजनं चढतात, आणि बाई हात बांधून उभ्या राहतात. तो काटा आजवर एकदाही चुकलेला नाही. तरीही दर वेळी काटेकोर पेटी उघडतो.