वहिनीला गौरीचं तोंड बघवत नव्हतं

माझ्या वहिनीला आमच्या घरानं वर्षभर भुतानं धरलेली बाई समजलं होतं.

ती आज पहाटे गेली. नव्वदी ओलांडून, झोपेतच.

सकाळपासून फोन चालू आहेत. सगळे म्हणतात, किती धीराची बाई. होतीच. पण तो धीर कुठून आला, हे डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरले. म्हणून लिहितेय.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहायचो. दादा हायस्कुलात मास्तर, मी मॅट्रिकला. वहिनी कोडोलीची, नुकतीच लग्न होऊन आलेली. माझ्या आईला आम्ही सगळे आक्का म्हणायचो.

पहिल्या वर्षीची गौर नव्या सुनेनं घरात आणायची, अशी आमच्यात रीत. आक्कानं दारात तिच्या हातात पितळी मुखवटा दिला.

वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं.

आणि लाकडासारखी ताठ झाली. श्वास अडकला. ओठ पांढरेफटक. मुखवटा हातातनं सुटला, उंबऱ्यावर आपटला, गोल फिरला आणि तिच्याकडंच तोंड करून थांबला.

ती धावत न्हाणीत गेली आणि आतनं कडी लावून बसली. जमलेल्या बायका एकेक करून निघून गेल्या.

मग आमच्या ध्यानात यायला लागलं.

दुपारी घर रिकामं झालं की ती भिंतीवरचे फोटो उलटे करून ठेवायची. महाद्वार रोडला कापडाच्या दुकानात साडी नेसवलेली बाहुली उभी असायची, तिथं ही मान खाली घालून रस्ता ओलांडायची. घरात बसली तर कायम भिंतीला पाठ लावून.

एकदा मी विचारलंच, वहिनी, नेमकी कशाची भीती वाटती?

"त्यांचं डोळं मिटत न्हाईत, वन्सं," ती म्हणाली. "मी हाक मारायची वाट बघत बसत्यात."

त्या दिवसापासून मलाही त्या फोटोंच्या खोलीत एकटीला बसवेना.

आक्कानं देवऋषी आणला. मिरच्यांची धुरी झाली, लिंबं उतरली, अंगारा झाला. देवऋषी म्हणाला, बाहेरचं हाय, देवीला बघून बिथरतंय. वहिनी खोकून खोकून निपचित पडली. पुढं तिचं जेवणच तुटलं.

आक्का वाईट नव्हती. घाबरली होती. तिनं दादाला बजावलं, पुढच्या गौरीच्या आत हिला कोडोलीला पोचव. नात्यात दुसऱ्या मुलीची बोलणीही सुरू झाली.

दादा कधी उलट बोलायचा नाही. तेव्हाही बोलला नाही. त्यानं वहिनीला आणि सोबतीला मला घेतलं आणि टांगा राजारामपुरीत नेला, एका डॉक्टरांकडं. मनाच्या आजारांचा त्यांनी अभ्यास केला होता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत. नुसते प्रश्न. ही भीती पहिल्यांदा कधी वाटली? तिला काही आठवेना. ते पुन्हा पुन्हा बोलवत राहिले.

एका दुपारी ती सांगायला लागली. आवाज तिचा नव्हता. लहान पोरीचा होता.

ती पाच वर्षांची असताना, ऐन गौरीत तिची आई गेली. आदल्या दिवशीच आईनं आपली लग्नातली साडी गौरीला नेसवली होती. घरात मयताची गडबड, आणि ही आई आई करून रडतेय. शेजारच्या म्हातारीनं तिला आतल्या खोलीत नेऊन गौरीपुढं बसवलं.

"ही बघ तुझी आई. बस हिच्यापाशी गप," म्हणाली, आणि बाहेरनं कडी घातली.

साडी आईची. वास आईचा. पोर दुपारभर हाका मारत राहिली. आई बोलेना.

शेवटी तिनं पदर ओढला.

आणि डोकं तिच्या मांडीवर येऊन पडलं. डोळे उघडे. हसू तसंच.

दादा खिडकीकडं तोंड करून उभा होता.

मग डॉक्टर म्हणाले, "हे भूत नाही आणि वेडही नाही. तुमच्या शरीरानं त्या दिवशी एक धडा घेतला, असा चेहरा दिसला की पळायचं. पळालं की सुटल्यासारखं वाटतं, म्हणून तो धडा पक्का होत जातो. आता थोडं थोडं, न पळता थांबायला शिकायचं."

आज याला फोबिया म्हणतात, एक्स्पोजर थेरपी म्हणतात. तेव्हा आमच्याकडं शब्दच नव्हता.

कुणी जबरदस्ती करायची नाही आणि पळायला वाटही करून द्यायची नाही, एवढंच डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं. मुखवटा फडक्यात गुंडाळून लांबच्या फळीवर ठेवला. वहिनी दारात बसायची. छातीची धडधड शांत झाली की मगच उठायची. हळूहळू गुंडाळी जवळ आली. मधेच आठवडाभर सगळं मागं गेलं, ती दारापर्यंतही येईना. पुन्हा सुरुवात.

एके दिवशी तिनं मुखवटा पालथा घेतला आणि चिंचेनं मागची बाजू घासायला लागली.

"आतनं पोकळ हाय की ही," ती स्वतःशीच म्हणाली.

आक्का भाजी निवडत होती. ती उठली, दुसऱ्या गौरीचा मुखवटा घेतला आणि सुनेशेजारी घासत बसली. कोडोलीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पुढच्या गौरीला आक्काच म्हणाली, नको वाटत असंल तर ऱ्हाऊ दे. वहिनीनं हात पुढं केले. या वेळी मुखवटा सुटला नाही. तिनं गौर आत आणली, साडी नेसवली, मुखवटा बसवला. मग आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

दादाचा हात दारावर होता.

मग तिचा आवाज आला. तिचाच. सावकाश.

"तू माझी आई न्हाईस."

आणि ती रडली. तिच्या आईसाठी, मला वाटतं, पहिल्यांदाच. आक्का आत जायला निघाली, दादानं तिला थांबवलं.

वहिनी आपणहून बाहेर आली. डोळे सुजलेले. आक्काला विचारलं, भाकरी थापायला घेऊ?

भीती पुरती कधीच गेली नाही. म्हातारपणीही मुखवटा हातात घेताना तिचा श्वास एकदा अडकायचा. ती तिथंच थांबायची. मग पुढं जायची.

वहिनी, तुमच्या वन्संचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.